व्हायॉक्सची पाच वर्षे

आम्ही कवी वेदनेचे फार कौतुक करतो. गुडघा धरून जिना चढणाऱ्याला ते ऐकवून पाहावे! त्याला हवी असते गोळी, आणि गोळीने पोट बिघडू नये एवढेच त्याचे मागणे असते. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जुन्या औषधांनी सूज उतरते. पण जठराला जखमा होतात, कधी रक्तस्रावही होतो. १९९० च्या सुमारास उलगडा झाला की ही औषधे दोन विकरांना अडवतात. एक जठराचे अस्तर सांभाळते, दुसरे सूज वाढवते. मग फक्त दुसऱ्यालाच अडवले तर? त्यातून रोफेकॉक्सिब आले. मर्क कंपनीच्या या 'व्हायॉक्स'ला अमेरिकेत मे १९९९ मध्ये परवानगी मिळाली.

नोव्हेंबर २००० मध्ये संधिवाताच्या आठ हजारांवर रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना व्हायॉक्स, निम्म्यांना नॅप्रोक्सेन. व्हायॉक्सवाल्यांत पोटाच्या गंभीर तक्रारी निम्म्याने कमी. हृदयविकाराचे झटके मात्र हजारी चार, नॅप्रोक्सेनवाल्यांत हजारी एक. कंपनी म्हणाली, व्हायॉक्स बाधत नाही, नॅप्रोक्सेनच हृदय राखते. ॲस्पिरिन राखते, तेव्हा हे अगदीच अशक्य नव्हते. पण दोघांच्या भांडणात खोटा कोण, हे त्या दोघांनाच विचारून कसे कळणार? तिसरा गट हवा होता, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा. खास हृदयासाठी अशी मोठी चाचणी झालीच नाही. जाहिराती मात्र जोरात चालल्या. २००३ मधली विक्री अडीच अब्ज डॉलर होती.

उत्तर आडवाटेने आले. मोठ्या आतड्यातील गाठी या औषधाने टळतात का, हे पाहणाऱ्या चाचणीत असा तिसरा गट होता. दीड वर्षानंतर व्हायॉक्स घेणाऱ्यांत झटके व पक्षाघात दुपटीच्या घरात गेले. नॅप्रोक्सेनची सबब संपली. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. पुढे डिसेंबर २००५ मध्ये, तो पहिला लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनीच जाहीर केले की त्यातून तीन झटके वगळले होते.

आपल्याकडे तेव्हा औषधावर पेटंट नव्हते, प्रक्रियेवर होते; त्यामुळे अनेक भारतीय कंपन्या आपापल्या नावांनी रोफेकॉक्सिब विकत होत्या. मर्कने हात काढला म्हणून त्या गोळ्या दुकानांतून आपोआप गेल्या नाहीत. त्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये सरकारला बंदीची अधिसूचना काढावी लागली. अमेरिकेतील हजारो दाव्यांपोटी मर्कने नोव्हेंबर २००७ मध्ये ४.८५ अब्ज डॉलर मान्य केले. चूक मात्र कबूल केली नाही.