पुण्यातील एक विकर
आम्हां कटंगीकर मराठी कुटुंबांच्या इतिहासगप्पा बहुधा नागपूरकर भोसल्यांपाशी येऊन थांबतात. त्यांत प्रयोगशाळेचाही इतिहास यावा, असे आम्हांस वाटते.

पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे ॲम्पिसिलिनसारखी औषधे घडविण्यासाठी पेनिसिलिनची बाजूची साखळी तोडून त्याचा गाभा वेगळा काढणे अगत्याचे ठरले. ‘बॅसिलस स्फेरिकस’ या जिवाणूचे पेनिसिलिन व्ही असायलेज हे विकर ती तोडणी करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले प्रभृतींनी इंग्लंडातील यॉर्कच्या संशोधकांसह त्याचे स्फटिक क्ष-किरणांनी अभ्यासले. त्याची त्रिमितीय रचना १९९९ साली प्रसिद्ध झाली. चार एकसारखे घटक एकत्र आलेले. प्रत्येकाच्या आरंभीचे सिस्टीन हेच तोडणीचे हत्यार! पित्तक्षार तोडणाऱ्या जिवाणू-विकराशी असलेले त्याचे नातेही त्यातून उघड झाले.

मात्र जिवाणूच्या स्वतःच्या जीवनात या विकराचे प्रयोजन काय, हे अद्याप पुरते उलगडलेले नाही. रचना कळली, हेतू उरला. शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जाणाऱ्या आमच्या मुलामुलींपैकी कोणी तो शोधील, तर आमच्या इतिहासात एका नव्या पानाची भर पडेल.