आगकाड्यांची मौज
आगकाड्यांची मौज : धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा सचेतन लघुपट (१९१५). निर्जीव आगकाड्या पडद्यावर आपोआप हालताना दाखविणाऱ्या या मूकपटाची भारतातील आद्य सचेतनपटांत गणना होते. काडी किंचित सरकवून एक चौकट चित्रित करावयाची व हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची, असे त्याचे तंत्र होते. सेकंदास सुमारे १६ चौकटी धरल्यास मिनिटभराच्या दृश्यासाठी अशा ९६० चौकटी लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच आगकाड्यांचा असा लघुपट निर्माण केला होता.

फाळके यांना हे तंत्र अपरिचित नव्हते. १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून त्यांनी भांडवल पुरविणाऱ्यांची खात्री पटविली व त्यातूनच राजा हरिश्चंद्र (१९१३) साकार झाला. ते जादूगारही होते. आडनावाची अक्षरे उलटवून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. जादूगार प्रेक्षकांची नजर क्षणभर चुकवितो. सचेतनपटात तेच कार्य दोन चौकटींमधील अवकाशात घडते. फाळके यांच्या ठायी या दोन्ही कला एकत्र आल्या होत्या. मूळ चित्रपट मात्र आज उपलब्ध नाही. त्यामुळे भारतीय सचेतनपटाच्या आरंभाचा हा महत्त्वाचा पुरावा कायमचा हरपला आहे.