परदेशीं धर्मकार्यास निघण्यापूर्वीं
(एक ऐतिहासिक अवलोकन)

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याचा आपला प्रघात आहे. देवळाची उभारणी, जुने धर्मगुरू, संघ व मंडळें यांचा वृत्तांत या पुस्तिकेंत इतरत्र येईलच. प्रस्तुत लेखांत वाचकांचें लक्ष एका वेगळ्या विषयाकडे वेधावयाचें आहे. आपल्या वरणगांव-भुसावळकडील घराघरांतून आज मुलें व मुली कॉलेजचें शिक्षण पुरें करीत आहेत. त्यांपैकीं एखाद्यास प्रभूच्या मळ्यांत, तेंहि दूर परक्या देशीं, काम करण्याची प्रेरणा झाली, म्हणजे आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पदवी तर मिळाली, आतां आणखी इतकीं वर्षें तयारी ती कसली?" हा प्रश्न मायेपोटीं येतो. म्हणून त्यास उपदेशानें नव्हे, तर इतिहासानें उत्तर देणें बरें.

तापीकांठचे दोन पाहुणे

दूरच्या गोष्टी सांगण्यापूर्वीं जवळची एक सांगतों. आपल्या शेजारून वाहणारी तापी बऱ्हाणपुराच्या तटाखालून इकडे येते. इ. स. १६०० च्या सुमारास अकबर बादशहाची छावणी या बऱ्हाणपुरास पडली होती. खानदेशच्या सुलतानाचा अशीरगड हा बळकट किल्ला त्यास घ्यावयाचा होता, व तो अखेर १६०१ च्या जानेवारींत त्याच्या हातीं आला. या छावणींत येशूसंघाचे दोघेजण बादशहाबरोबर होते. एक फादर जेरोम झेवियर, व दुसरे ब्रदर बेंतु द गोइश. आपल्या खानदेशच्या भूमीवर पाय ठेवलेल्या ज्या जुन्या मिशनऱ्यांचीं नांवें इतिहासास ठाऊक आहेत, त्यांत या दोघांची गणना होते.

फादर जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यांतले. स्पेनमधील आल्काला येथें त्यांचें शिक्षण झालें होतें, आणि हिंदुस्थानांत वसई, कोचीन व गोवा येथें त्यांनीं अधिकाराचीं कामें केलीं होतीं. अशा विद्वान व अनुभवी पुरुषास १५९५ सालीं लाहोरास अकबराच्या दरबारीं पाठविण्यांत आलें. त्या वेळीं त्यांचें वय पंचेचाळिशीच्या पुढें गेलेलें होतें. तेथें पोहोंचल्यावर त्यांनीं काय केलें? फारशी भाषेचीं मुळाक्षरें गिरविण्यास आरंभ केला. सात वर्षांनीं, १६०२ सालीं, 'मिरातुल कुद्स' हें प्रभु येशूचें चरित्र फारशींत सिद्ध होऊन बादशहाच्या हातीं पडलें. त्या लेखनांत अब्दुस सत्तार या लाहोरच्या मुसलमान विद्वानाचें त्यांस साहाय्य झालें. अकबर ख्रिस्ती झाला नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. तथापि दरबारच्या भाषेंत दरबाराशीं बोलण्याची पात्रता त्या वृद्धापकाळाकडे झुकलेल्या विद्यार्थ्यानें मिळविली, हें विसरूं नये.

ब्रदर बेंतु यांची तयारी निराळ्या प्रकारची होती. ते धर्मगुरू नव्हते, मोठे पंडितहि नव्हते. पण त्यांस फारशी चांगली येत होती आणि अंगीं काटकपणा होता. १६०२ सालीं ते आग्र्याहून निघाले. व्यापाऱ्याचा वेष, अब्दुल्ला इसाई हें नांव, आणि काबूल व यारकंद यांवरून जाणारी काफिल्यांची वाट, असा त्यांचा प्रवास होता. जुन्या ग्रंथांत वर्णिलेला कॅथे देश म्हणजेच चीन, हें त्यांनीं प्रत्यक्ष चालून सिद्ध केलें, आणि १६०७ सालीं चीनच्या सरहद्दीवरील सूचौ शहरीं देह ठेविला.

इंग्लंडचा विद्यार्थी, सासष्टीचा पंडित

मराठी ख्रिस्ती माणसास फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या तयारीचा काळ आपण सहसा मोजीत नाहीं, तो येथें मोजूं. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत इ. स. १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या देशांत कॅथोलिक धर्म पाळणें धोक्याचें झालें होतें. १५७५ सालीं ते रोम येथें येशूसंघांत दाखल झाले आणि तेथील कॉलेजांत त्यांनीं अध्ययन केलें. १५७९ च्या ४ एप्रिल रोजीं लिस्बनहून त्यांचें जहाज सुटलें, तें २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. साडेसहा महिन्यांच्या त्या समुद्रप्रवासाचें वर्णन करणारें त्यांनीं आपल्या वडिलांस लिहिलेलें पत्र पुढें इंग्लंडांत छापून प्रसिद्ध झालें.

गोव्यास उतरतांना या पुरुषापाशीं लॅटिन होतें, तत्त्वज्ञान होतें, रोमची विद्या होती. नव्हती ती एकच गोष्ट: ज्यांच्यासाठीं यावयाचें त्या लोकांची वाणी. ती त्यांनीं सासष्टीच्या खेड्यांतून मिळविली. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत या देशींच्या भाषांचें त्यांनीं कौतुक केलें आहे, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशीं मिळती असल्याचें म्हटलें आहे. युरोपांतील विद्वानांच्या हें ध्यानीं येण्यास पुढें दोनशें वर्षें लागावयाचीं होतीं! त्याच वर्षीं कुंकळ्ळी येथें येशूसंघाचे पांचजण मारले गेले. त्यांतील फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा हे थोड्याच महिन्यांपूर्वीं अकबराच्या दरबारांतून परत आले होते. त्यांचे देह मिळवून त्यांचें दफन करण्याचें दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वांट्यास आलें. अशा काळांतहि त्यांनीं त्या प्रांताकडे पाठ फिरविली नाहीं, आणि भाषेचा अभ्यासहि सोडला नाहीं.

नवख्रिस्ती लोक आपल्या जुन्या पुराणांच्या तोलाचें कांहीं वाचावयास मागत होते. त्यांच्यासाठीं रचलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. म्हणजे गोव्यास उतरल्यापासून सदतीस वर्षांनीं! दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा मराठी ग्रंथ, पण छापला गेला रोमन अक्षरांत; कारण देशी लिपीचे खिळे गोव्यांत नव्हते. ते मिळावे म्हणून त्यांनीं १६०८ सालीं रोमला आपल्या वरिष्ठांकडे विनंती केली होती. ती त्यांच्या हयातींत सफळ झाली नाहीं. १६१९ सालीं ते निवर्तले. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं छापून निघालें, आणि हिंदुस्थानांतील भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून आज तें ओळखलें जातें.

सांकवाळचे संत

आतांपर्यंत पाहिलें तें बाहेरून आपल्याकडे येणाऱ्यांचें. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्यांत संत जोसेफ वाझ यांचें चरित्र आमच्या प्रश्नास सर्वांत नेमकें लागू पडतें.

१६५१ च्या २१ एप्रिल रोजीं सासष्टींतील बाणावली येथें त्यांचा जन्म झाला. घराणें सांकवाळचें. गोव्यांत येशूसंघाच्या सेंट पॉल कॉलेजांत त्यांचें साहित्याचें शिक्षण झालें. तत्त्वज्ञान व ईशज्ञान ते डोमिनिकन धर्मगुरूंच्या सेंट थॉमस अकादमींत शिकले. आणि १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. म्हणजे विद्या झाली, दीक्षा झाली, वय पंचवीस. सिलोन बेटावरील कॅथोलिकांची दैना त्यांच्या कानीं आली होती. १६५८ सालीं डच लोकांनीं जाफना घेतलें, कॅथोलिक धर्मगुरूंस मज्जाव केला, आणि तेव्हांपासून तेथील भाविक मिस्सेवांचून व संस्कारांवांचून दिवस कंठीत होते. तरुण फादर वाझ यांस तेथें जावयाचें होतें.

ते केव्हां गेले? अकरा वर्षांनीं.

या अकरा वर्षांत काय काय झालें तें पाहिलें पाहिजे. प्रथम त्यांनीं सांकवाळ येथें मुलांसाठीं लॅटिनची शाळा काढली. १६७७ सालीं पवित्र मरियेचा दास म्हणून त्यांनीं स्वतःस लेखी अर्पण करून घेतलें. १६८१ सालीं सिलोनऐवजीं त्यांची रवानगी कानडा प्रांतीं झाली. तेथें धर्माधिकाऱ्यांतच हक्कांचे तंटे माजलेले होते. ते सोशीत, विखुरलेल्या कुटुंबांस शोधीत, त्यांनीं तीन वर्षें काढलीं. १६८४ सालीं ते परतले. युरोपीय संघांचीं दारें त्या काळीं देशी धर्मगुरूंस बहुतेक बंदच होतीं. म्हणून कांहीं गोवेकर धर्मगुरू संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर एकत्र राहूं लागले होते. १६८५ सालीं फादर वाझ त्यांना मिळाले, व त्यांचे प्रमुख झाले. हा त्यांचा संघ पुढें सिलोनच्या धर्मसभेचा आधारस्तंभ ठरला. मागें संघ नसतां तर एकट्याचें काम त्याच्याबरोबरच संपलें असतें.

१६८६ सालीं एका सेवकासह ते निघाले. वाटेंत त्यांनीं तमिळ भाषेचा अभ्यास केला, झगा उतरवून मजुराचा व भिकाऱ्याचा वेष घेतला, आणि १६८७ सालीं ते आजारी अवस्थेंत जाफन्यास पोहोंचले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून ज्याचा चेहरा बदले, तें घर कॅथोलिकाचें, असें ते ओळखीत. लॅटिनच्या पंडितास भिक्षेची झोळी घेतां आली, ती एका दिवसांत नव्हे. त्या अकरा वर्षांनीं ती त्यांच्या हातीं दिली होती.

१६९२ सालीं ते कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखांत गेले, तों पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस अटकेंत टाकण्यांत आलें. बंदिवासाचा उपयोग त्यांनीं सिंहली भाषा शिकण्याकडे केला. १६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. लोक आपल्या आजाऱ्यांस सोडून पळूं लागले, तेव्हां फादर वाझ व त्यांचे सहकारी फादर कार्व्हाल्यु रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले. १७११ च्या १६ जानेवारीस ते कँडींत निजधामास गेले. चोवीस वर्षांत ते एकदांहि गोव्यास परतले नाहींत. १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि २०१५ च्या १४ जानेवारीस पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

एक कटु पान

जेथें ही तयारी सोडली, तेथें काय झालें, हेंहि इतिहासानेंच सांगितलें आहे. १६८४ च्या जूनमध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. फादर स्टीफन्स यांनीं ज्या वाणीसाठीं आयुष्य वेंचलें, तीच आतां अडचण ठरली. वाचकहो, हीं तीन वर्षें कोठें संपतात पाहा: १६८७ सालीं. म्हणजे गोव्यांत प्रजेनें सत्ताधाऱ्यांची भाषा शिकावी अशी मुदत भरत होती, तेव्हांच गोव्याचा एक देशी धर्मगुरू जाफन्याच्या रस्त्यावर दीनांची भाषा बोलत उभा होता! एका मार्गानें आपल्या पूर्वजांची लेखणी दुबळी झाली. दुसऱ्या मार्गानें, फादर वाझ यांच्या मागोमाग १७०५ सालीं गेलेल्या दिवाडच्या फादर जाकोम गोन्साल्विस यांच्या हातून, सिंहली व तमिळ भाषांत कॅथोलिक वाङ्मय निर्माण झालें. श्रीलंकेंत त्यांस आजहि त्या वाङ्मयाचे जनक मानतात.

तरी 'क्रिस्तपुराण' नाहींसें झालें नाहीं. मंगळूरकडील कॅथोलिक कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जतन केल्या, आणि त्यांवरून १९०७ सालीं तें पुनः छापलें गेलें. फर्मानापेक्षां ओवी टिकाऊ निघाली.

कँडीहून पुण्यास

ज्या कँडींत फादर वाझ निवर्तले, तेथेंच १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं हिंदुस्थानांतील तरुणांसाठीं पेपल सेमिनरी स्थापिली. आपल्या देशांतील मुलें समुद्र ओलांडून तेथें धर्मगुरू होण्यास जात. १९५५ सालीं ही सेमिनरी पुण्यास आली, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अंगणांतच आली.

आजची तयारीहि थोडक्यांत सांगतों. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याप्रमाणें धर्मगुरू होणाऱ्यास निदान दोन वर्षें तत्त्वज्ञान व चार वर्षें ईशज्ञान शिकावें लागतें. संघांत प्रवेश करणाऱ्या स्त्रीपुरुषांस, मग ते पदवीधर असोत वा नसोत, निदान बारा महिन्यांचें नोव्हिशिएट आहे. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं आपल्या मिशनकार्यविषयक आदेशांत असें सांगून ठेविलें आहे कीं, ज्या लोकांत जावयाचें त्यांची भाषा, इतिहास व चालीरीति यांचा अभ्यास मिशनऱ्यानें मनापासून करावा.

उपसंहार

तर मग आईबापांच्या प्रश्नास उत्तर काय? फादर जेरोम यांस सात वर्षें लागलीं, संत जोसेफ वाझ यांस अकरा, फादर स्टीफन्स यांस सदतीस. कॉलेज माणसास विद्वान करतें. विद्वान झालेल्या माणसास पुनः विद्यार्थी होतां यावें, अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसापुढें बसून "हा शब्द कसा म्हणतां?" असें विचारतां यावें, यासाठीं पुढचीं वर्षें आहेत. तीं फुकट गेलीं असें आईबापांनीं मानूं नये. बी पेरल्यावर रोज उकरून पाहणारा शेतकरी आपल्या खानदेशांत कोणी नाहीं.

आणि तरुणांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे: परदेशाची तयारी परदेशीं सुरू होत नसते. आपल्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं पावरा व तडवी बांधव राहतात. त्यांच्या वस्तीवर बसून त्यांचे चार शब्द आदरानें शिकण्यास ज्यास कमीपणा वाटतो, त्यास आफ्रिकेची वा जपानची भाषा येणार नाहीं. ज्यास तो वाटत नाहीं, त्याची अर्धी तयारी वरणगांवांतच झाली, असें खुशाल समजावें.

या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं, सांकवाळच्या त्या संताच्या मध्यस्थीनें, आपल्या धर्मग्रामांतून असे विद्यार्थी निघोत, आणि त्यांना धीरानें निरोप देणारीं घरें येथें वाढोत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.