लँकेशायरचे थांबलेले माग

मनुष्य बेकार झाला म्हणजे लोक त्याच्याविषयी बहुधा दोनच तर्क करतात : एक, तो आळशी असावा, दुसरा, त्याचा धनी निर्दय असावा. हे तर्क कित्येकदा खरे ठरतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु यंत्रयुगात जी राष्ट्रे सर्वांच्या पुढे गेली, त्यांच्या बेकारीचा इतिहास चाळला असता एक तिसरेच कारण पदोपदी दृष्टीस पडते. इंग्लंडातील लँकेशायर परगणा हे त्याचे ठळक उदाहरण होय. आणि त्या परगण्याच्या सुखदुःखाशी आमच्या मुंबईची गाठ बांधलेली असल्यामुळे ही हकीकत आम्हांस परकी वाटत नाही.

लँकेशायरात कापसाचे एक बोंडही पिकत नाही. तेथील गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून येई. 1861 साली तेथे यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि समुद्रापलीकडे लाखो मजुरांच्या चुली थंडावल्या. त्याच वेळी कापसाच्या चढत्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला व शेअरांचे वेड माजले. 1865 साली युद्ध संपताच तोही डोलारा कोसळला. वारा एकच, त्याने आधी तेथले छप्पर उडविले, मग येथले.

दुसरा आघात याहून खोल होता. 1913 साली ब्रिटनने सुमारे 700 कोटी वार कापड परदेशी धाडले; त्यांपैकी सुमारे 300 कोटी वार एकट्या हिंदुस्थानने घेतले. पुढील महायुद्धात हा पुरवठा आटला आणि ती जागा हिंदी व जपानी गिरण्यांनी व्यापिली. 1925 साली ब्रिटिश सरकारने पौंडाची सोन्याशी युद्धापूर्वीच्याच दराने गाठ घातली. हुंडणावळ अशी चढल्याने परदेशी गिऱ्हाइकास इंग्रजी माल महाग पडू लागला. केन्स यांनी त्याच वर्षी या धोरणावर कडक टीका केली होती. 1929 नंतर जगभर मंदी पसरली, शेतमालाचे भाव गडगडले, आणि आमच्या शेतकऱ्यास नवे धोतर घेणे जड झाले. त्यातच 1930 चा बहिष्कार व वाढत्या जकाती आल्या. 1938 साली ब्रिटनची निर्यात 150 कोटी वारांच्याही खाली उतरली.

या घडामोडींपैकी एकीवरही विणकराची सत्ता नव्हती. तथापि हिशेब मात्र त्याच्याच स्वयंपाकघरात मागितला गेला. 1931 च्या अखेरीपासून दीर्घकाळ बेकार असलेल्यास मदत देण्यापूर्वी सरकारी तपासनीस त्याच्या घरातील मुलामुलींची कमाई मोजू लागला. मुलीला चार शिलिंग मिळत असतील, तर तितक्याने बापाच्या मदतीस कात्री लागण्याची भीती. कष्टाळू माणसास आपल्याच मुलांपुढे ओशाळे करणारी ही व्यवस्था होती.

1931 च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरास गेले. ज्यांचे काम बहिष्काराने बुडाले असे म्हटले जात होते, त्यांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. गांधीजींनी त्यांचे दुःख मान्य केले. परंतु हिंदुस्थानातील दारिद्र्य याहून मोठे आहे, हेही स्पष्ट सांगितले.

आपले कापड आपण विणण्याचा आमचा हक्क निर्विवाद होता. 1896 पासून जवळजवळ तीस वर्षे लँकेशायरच्या हितासाठी आमच्या गिरणीच्या कापडावर शेकडा साडेतीन कर बसविला गेला, तो अन्यायच होता. परंतु तो अन्याय विणकराने केला नव्हता. जगाच्या व्यापारात न्याय्य फेरबदलही कोणाचा तरी माग थांबवितो. त्या फेरबदलाची किंमत कोणी भरावी, हा खरा प्रश्न आहे. ज्या राष्ट्राने भरभराटीच्या काळी त्या मागांवर वैभव उभारले, त्या सर्व राष्ट्राने ती भरावी. विणकराच्या मुलीच्या चार शिलिंगांतून ती वसूल करू नये, असे आमचे मत आहे.