लसीची उरलेली बाटली आणि बारा मुलं

गोवर-रुबेलाची लस पाण्यात मिसळली की सिस्टर बाटलीवर वेळ लिहितात. चार तास उलटले की बाटलीत कितीही लस शिल्लक असो, ती टाकून देतात. "डॉक्टर, अर्धी बाटली उरली होती, फुकट का घालवली?" असं पालक मला बरेचदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी मात्र जवळजवळ शंभर वर्षं मागे, ऑस्ट्रेलियातल्या एका गावात जावं लागतं. त्याआधी या गोष्टीतल्या जिवाणूची ओळख करून घेऊ.

पुवातले घोस

एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणं इतकं नेहमीचं होतं की, तो जखम भरून येण्याचाच भाग आहे असं अनेक सर्जन मानत. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांना ते पटलं नाही. त्यांनी गळवातला पू काढला, त्याला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना गोल जंतू दिसले. काही साखळीसारखे, काही घोसासारखे. हा पू प्राण्यांना टोचल्यावर तिथेही गळू झालं. पू तापवून टोचला, तर काहीच झालं नाही. म्हणजे पू आपोआप होत नाही, जंतूंमुळे होतो. १८८० साली त्यांनी हे बर्लिनच्या शल्यविशारदांच्या परिषदेत मांडलं आणि १८८२ मध्ये घोसवाल्या जंतूंना 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'स्टॅफिले' म्हणजे द्राक्षांचा घोस.

१८८४ मध्ये जर्मनीच्या रोझेनबाख यांनी हे जंतू वेगळे करून वाढवले. काहींच्या वसाहती सोनेरी दिसल्या, काहींच्या पांढऱ्या. सोनेरी तो 'ऑरियस'. १९०३ मध्ये लिओ लोब यांना आढळलं की काही स्टॅफिलोकॉकस रक्तद्रव गोठवतात. गोठवणाऱ्या या द्रव्याला आज 'कोॲग्युलेज' म्हणतात. जंतू ओळखण्याची साधनं अशी एकेक करून जमत गेली.

बंडाबर्ग, जानेवारी १९२८

क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग गावात घटसर्पाविरुद्ध लसीकरण चालू होतं. त्या काळी घटसर्पाने मुलांचे घसे बंद होऊन जीव जात, त्यामुळे पालक मुलांना आपणहून आणत होते. २७ जानेवारीला २१ मुलांना लस टोचली. त्याच रात्रीपासून उलट्या, ताप आणि झटके सुरू झाले. दोन दिवसांच्या आत त्यांतली १२ मुलं दगावली.

याच बाटलीतून आधीच्या दिवसांत इतर मुलांना लस दिली होती आणि कुणालाही त्रास झाला नव्हता! मग २७ तारखेला वेगळं काय घडलं?

त्या लसीत घटसर्पाचं विष आणि त्यावरचा उतारा यांचं मिश्रण असे. त्यामुळे मिश्रणात विष जास्त राहिलं का, हा पहिला प्रश्न होता. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष डॉ. चार्ल्स केलवे होते. आयोगाने ही शक्यता तपासून बाजूला सारली. वाचलेल्या मुलांच्या दंडावर, सुई टोचल्या जागी, गळवं झाली होती. त्यांतल्या पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. बाटलीत उरलेल्या लसीतही तोच जंतू वाढला.

बाटलीला रबरी बूच होतं आणि प्रत्येक डोसाला त्यातून सुई आत जात होती. लसीत जंतुनाशक मिसळलेलं नव्हतं. जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. एका सुईबरोबर मूठभर जंतू आत गेले असतील, तरी उबेत त्यांचे कोट्यवधी व्हायला वेळ लागत नाही.

केलवे यांचे सहकारी मॅकफार्लेन बर्नेट यांनी पुढे या जंतूच्या विषाचा अभ्यास केला. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही ससे मरतात, कारण विष द्रवातच उतरलेलं असतं. हे विष पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. स्टॅफिलोकॉकस दोन वाटांनी मारतो तो असा: स्वतः शरीरात वाढून आणि विष सोडून.

ऑस्ट्रेलियातलं घटसर्पाचं लसीकरण या घटनेनंतर कित्येक वर्षं रेंगाळलं. पालकांची भीती समजण्यासारखी होती, पण घटसर्प थांबला नव्हता. एका बाटलीतल्या निष्काळजीपणाची किंमत त्या गावाबाहेरच्या मुलांनाही मोजावी लागली.

आजच्या प्रयोगशाळेत

पुवाचा नमुना आला की आधी ग्रॅमचा रंग देतात. जांभळे घोस दिसतात. मग जंतू वाढवायला एक रात्र जाते. वाढलेल्या जंतूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले, तर तो स्ट्रेप्टोकॉकस नव्हे. नंतर सशाच्या रक्तद्रवात घालून ठेवतात. गुठळी झाली तर बहुतेक ऑरियसच. मग कोणतं प्रतिजैविक चालेल ते पाहतात. पुवाच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात ते म्हणूनच.

हा जंतू काही दूरदेशीचा नाही. साधारण तीनपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि एरवी काही करत नाही. त्याला आत शिरायला वाट, ऊब आणि वेळ मिळाला की तो घातक ठरतो.

आता बाटलीकडे परत येऊ. ज्या लसींमध्ये जंतुरोधक असतं, त्यांची उघडलेली बाटली ठरावीक अटी पाळून काही आठवडे वापरता येते. गोवर-रुबेलाच्या लसीत ते नसतं. म्हणून ती थंड ठेवायची आणि चार तासांनी टाकून द्यायची. सिस्टर बाटली टाकतात तेव्हा त्या लस वाया घालवत नसतात. बंडाबर्गच्या मुलांनी शिकवलेला धडा पाळत असतात. पुढच्या वेळी बाटलीवर वेळ लिहिलेली दिसली नाही, तर जरूर विचारा. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येणार नाही.