पवायाचं शेत, मित्राचं यंत्र आणि न खणलेला खड्डा

दाना ओलीत आमच्या दारासमोर मित्रानं ते यंत्र पहिल्यांदा चालवलं, तेव्हा समोरच्या दुकानाचे शेठजी गल्ल्यावरून उठून आले आणि म्हणाले, "क्यों साहब, गंगाजली ढूँढ रहे हो क्या?" ग्वाल्हेरात मेटल डिटेक्टर पाहिल्यावर माणूस दुसरं काय विचारणार!

गंगाजळी म्हणजे शिंद्यांचा राखीव खजिना. जयाजीराव 1886 मध्ये वारले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे होते. 1858 पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला किल्ला त्याच 1886 साली झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे परत आला होता. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत खजिन्याची कथा वाढली: किल्ल्यातली तळघरं, बुजवलेली दारं, आणि ज्याला ठाऊक त्यालाच उमगेल असं बीजक. त्यातलं खरं किती हा वेगळा विषय. पण लष्करातल्या प्रत्येक जुन्या मराठी वाड्याला स्वतःची छोटी गंगाजळी असतेच. आमच्याकडे ती उंबऱ्याखाली आहे, असं आजी सांगायची.

म्हणून यंत्र आधी उंबऱ्यावर फिरवलं. ते उंबऱ्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत सारखं ओरडत राहिलं. खिळे, बिजागऱ्या, गंजलेला नळ, बहुधा एखादी कोयंडी. हे गाव वसलंच मुळी छावणी म्हणून, 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी तळ दिला तेव्हा. 'ओली' हा शब्द तिथलाच: दुकानांची ओळ, दाण्याची ओळ. हिंदीला ळ नाही म्हणून पाटीवर ओली झाली. दोनशे वर्षं गाड्या, बैल आणि पोती आली-गेली, त्या जमिनीत लोखंड नसेल तरच नवल.

मी शिक्षणानं इंजिनिअर, जमिनीखालच्या पाइपलाइनी शोधण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे यंत्राचं मला कौतुक नव्हतं. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. त्यातून उलटसुलट होणारा प्रवाह जातो, जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. लोखंड आणि तांबं यांचं उत्तर थोडं वेगळ्या वेळी येतं, म्हणून आवाजही वेगळा. लहान नाणं वीतभर खोलीपर्यंत कळलं तर पुष्कळ. एवढंच. यंत्राला धातू कळतो, इतिहास कळत नाही. पण हे वाक्य मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. ते पवायाहून परतल्यावर सुचलं.

पवाया का?

ग्वाल्हेरहून झाशी रस्त्यानं डबरा, आणि तिथून आत. सगळं मिळून पासष्ट-सत्तर किलोमीटर. सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावरचं हे खेडं म्हणजे प्राचीन पद्मावती. ही ओळख कशी पटली, ते आपल्या वाचकांना पुन्हा सांगायला हवं, कारण त्यात कुठलंही यंत्र नव्हतं. होतं एक नाटक.

भवभूतीच्या 'मालतीमाधव'ची कथा पद्मावतीत घडते आणि त्यात नगरीजवळच्या नद्यांची नावं येतात: सिंधू, पारा, लवणा, मधुमती. कनिंगहॅम यांनी पद्मावती म्हणजे नरवर असं मानलं होतं. पण पवायाच्या आसपास आजही सिंध, पार्वती, नोन आणि महुअर वाहतात. चारही नावं जुळतात. लेले या मराठी अभ्यासकांनी नाटकाच्या आधारे पवायाकडे बोट दाखवलं. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी जागेवर जाऊन ते पडताळलं. त्यांचा लेख भारतीय पुरातत्त्व खात्याच्या 1915-16 च्या वार्षिक अहवालात आहे. पुढे 1924-25 पासून 1940-41 पर्यंत अधूनमधून त्यांच्या खात्यानं तिथे उत्खनन केलं. विटांच्या पायऱ्यापायऱ्यांचं मोठं देऊळ उघडं झालं आणि मातीच्या सुंदर मूर्ती मिळाल्या. गर्द्यांनीच उभारलेल्या गुजरी महाल संग्रहालयात आज पवायाचा मणिभद्र यक्ष उभा आहे. मूर्तीला डोकं नाही, पण खाली लेख आहे: राजा शिवनंदीच्या चौथ्या वर्षी, मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीनं म्हणजे मंडळानं ती बसवली.

मित्राला यातलं एकच वाक्य आवडलं होतं, जे मी कधीतरी सहज बोलून गेलो होतो: पवायाला पावसानंतर जमिनीतून नाणी वर येतात.

शेतात

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही गेलो. माझ्या दोन अटी होत्या. उत्खननाच्या जागेकडे यंत्र न्यायचं नाही, आणि खुरपं घ्यायचं नाही. गढीपासून लांब, गव्हासाठी नांगरून ठेवलेलं एक शेत होतं. मालक म्हातारे, सगळे त्यांना दद्दा म्हणत. त्यांनी आनंदानं हो म्हटलं आणि बांधावर बसून मजा बघू लागले.

पहिला तास ट्रॅक्टरचे बोल्ट, खताच्या पिशवीची तार आणि बिडीच्या बंडलाची चांदी यांनी खाल्ला. हे सगळं वरच पडलेलं होतं. मग शेताच्या नदीकडच्या कोपऱ्यात आवाज आला. बारीक, स्वच्छ, दोन्ही दिशांनी फिरवलं तरी तोच. मलाही कळलं की हे लोखंड नाही. मित्र गुडघ्यावर बसला आणि त्यानं पिशवीतून खुरपं काढलं. अट माझी होती, पिशवी त्याची.

"अरे, ठेव ते," मी म्हटलं.

"का? दद्दांनी परवानगी दिलीय. आणि मी वाचून आलोय. 1878 चा कायदा. सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश."

त्यानं वाचलं होतं हे खरं, पण पान अर्धंच. निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसरा दावेदार नसेल आणि आपसात वेगळा करार नसेल, तरच ती तीन-एकची वाटणी. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा भाग वर देऊन ते ती घेऊ शकतं. त्याशिवाय 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी 1972 चा पुरावशेष कायदा आहे. हे मी त्याला शेतात उभ्या उभ्या सांगितलं.

"बरं, कायदा सोड," तो म्हणाला. "हे रान नांगरलेलं आहे. दर वर्षी ट्रॅक्टर फिरतो. थर बिर काही उरलाय का इथे? मी वीतभर खणून काय बिघडवणार?"

प्रश्न चांगला होता आणि मी गप्प झालो. नांगराच्या खोलीपर्यंतचे थर मिसळलेले असतात, हे खरंच आहे. पण नांगर माती वरखाली करतो, तेवढी लांब नेत नाही. कुठल्या कोपऱ्यात नाणी दाट आणि कुठे विरळ, हे नांगरलेल्या रानातही कळतं, आणि बाजार कुठे भरत असेल याचा तो एक माग असतो. शिवाय तो आवाज चार बोटांवरून येतोय की नांगर पोचत नाही तिथून, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. हे सगळं मला नंतर नीट मांडता आलं. तिथे मी एवढंच म्हटलं, "माझ्याकडे टेपसुद्धा नाही रे." आयुष्यभर मोजमापं केलेला माणूस पद्मावतीला टेप न घेता आला होता. खणणार नाही असं तोंडानं म्हणत होतो. मग मोजायलाही काही आणलं नव्हतं. म्हणजे मीसुद्धा आलो होतो तो त्या आवाजासाठीच.

काडेपेटी

तेवढ्यात दद्दांचा नातू आला, दहा-बारा वर्षांचा. यंत्र पाहून त्याला हसू आलं. "इसकी क्या ज़रूरत?" म्हणत तो घरी पळाला आणि काडेपेटी घेऊन आला. आत तांब्याची चौदा नाणी. मसुरीहून थोडी मोठी, हिरवट. एकावर बैल, एकावर मोर, दोनांवर चक्रासारखं काहीतरी, अक्षरं अर्धवट. नागांची नाणी. पावसानंतर ढेकळं धुतली गेली की नुसत्या डोळ्यांनी दिसतात म्हणाला.

मी विचारलं, ही कुठली? त्यानं हात पसरून नदीचा सगळा काठ दाखवला. हे एकत्र मिळालं का? नाही, "ऐसे ही, कभी-कभी". मित्र माझ्याकडे बघत होता आणि मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं.

कारण नाग राजांचा सगळा प्रश्न त्या काडेपेटीत होता. भीम, स्कंद, बृहस्पती, देव, भव, गणपती अशी कितीतरी नागांची नावं आपल्याला आहेत, पण ती बहुतेक नाण्यांवरूनच. ह. वि. त्रिवेदी यांनी 1957 मध्ये या नाण्यांची सूची छापली, ती आजही हाताशी ठेवावी लागते. पण कोण आधी, कोण नंतर, कोण कुणाचा मुलगा? यावर अजून एकमत नाही. पक्के म्हणावेत असे टेकू दोनच. समुद्रगुप्तानं उखडलेल्या राजांच्या यादीत गणपतिनाग अलाहाबादच्या स्तंभावर आहे. आणि आपल्या विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत भारशिव महाराज भवनाग येतो. तो आणि नाण्यांवरचा भवनाग एकच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. बाकीचे राजे मधल्या जागेत मागेपुढे सरकत राहतात. नाणी हजारोंनी मिळाली, पण बरीचशी पावसानं वर काढली, मुलांनी वेचली आणि बाजारानं उचलली. कुठलं खालच्या थरात होतं आणि कुठलं वरच्या, हे लिहून ठेवलेलं नाही. यक्षाच्या पायाशी राजा, वर्ष आणि मूर्ती बसवणारे लोक एकत्र आहेत म्हणून ती मूर्ती बोलते. काडेपेटीतलं नाणं फक्त आपलं नाव सांगतं.

इंग्लंडात याच छंदातून उलटं घडलं, ते मित्राला परतताना सांगितलं. 1992 च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्सनी गावात एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरनं शोधत होते. चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागली. थोडं हाती आल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी दुसऱ्या दिवशी तो साठा जमिनीत होता तसा, रचनेसकट उचलला. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी. लाकडी पेटीत काय कुठे ठेवलं होतं, हेही कळलं. लॉजना साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथला कायदा वेगळा, इथला वेगळा. पण थांबणं दोन्हीकडे सारखंच.

आम्ही खणलं नाही. खुरपं पिशवीत गेलं. डबऱ्याला चहा होईपर्यंत मित्र माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, "तिथे काय असेल रे?" मी म्हटलं, बहुधा नाणं. खरं सांगायचं तर मलाही ते अजून आठवतं, आणि दर वेळी हात शिवशिवतात.

मुलाला आम्ही एक वही दिली आहे. नाणं दिसलं की तारीख, कुठलं शेत, कुठल्या बांधापासून किती पावलं, आणि दद्दांनी ते कुठे कळवायचं, एवढं पहिल्या पानावर लिहून दिलं. भरेल की नाही, माहीत नाही.

आता मंडळाच्या वाचकांना एक विनंती. लष्करातल्या किती घरांत देव्हाऱ्याच्या खणात, आजोबांच्या डबीत अशी 'पवायाची' नाणी पडून आहेत, याची मला कल्पना आहे. ती घासून चकचकीत करू नका, विकू नका. कुणी आणली, कुठून, साधारण कधी, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि कागदावर लिहून त्याच डबीत ठेवा. मग डबी घेऊन गुजरी महालात दाखवायला जा. मी बरोबर येईन.

यंत्र सध्या आमच्याकडेच आहे. जुन्या भिंतीतला नळ कुठून गेलाय ते शोधायला दाना ओलीतले लोक घेऊन जातात. त्या कामाला ते उत्तम आहे.