जुना फोटो मोठा करताना ‘फाटतो’ का? स्कॅन करण्याआधी हे पाहा

आसनगाव (ता. शहापूर) : घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आधी फोटोची शोधाशोध सुरू होते. हाती लागतो तो रेशनकार्डाच्या पिशवीतला पासपोर्ट साईज. मग कुणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर स्टुडिओत पाठवतो, आणि फ्रेम घरी आली की माणूस ओळखूच येत नाही.

यात एडिटिंगपेक्षा स्कॅनचीच चूक जास्त असते. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, स्कॅन केला तर जेमतेम ४१३ बाय ५३१ पिक्सेल मिळतात. आठ बाय दहा इंचाच्या फ्रेमला निदान १६०० बाय २००० तरी हवेत. कागदपत्रांसाठी स्कॅनर साधारण २००-३०० वर लावलेला असतो. म्हणून दुकानात सांगून लहान फोटो १२०० वर, पोस्टकार्ड साईज ६०० वर करून घ्यावा. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन कलरमध्येच करावा, पिवळे डाग काढायला सोपे जातात. फाईल पेनड्राईव्हमध्ये घ्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाहीतर ती दाबली जाऊन बारकावे जातात.

आपल्याकडच्या पावसात फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात, बुरशी धरतात. चिकटलेला ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. बुरशी ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नये. वरचा थर, म्हणजे चेहराच, निघून येतो. सावलीत सुकू द्यावा, मग मऊ ब्रशने हलकं झटकावं. स्कॅनरची काचही पुसलेली हवी, १२०० वर धुळीचा कणसुद्धा डाग होऊन बसतो.

स्कॅनर नसेल तर पडवीत, उजेडात पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद करून मोबाईल सरळ वरून धरावा. चमक येत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप चालतं. ते चार-पाच फोटो जुळवून चमक काढतं.

आता एआयची ॲप आलीत, धूसर चेहरा क्षणात चकचकीत करतात. पण फोटोत नसलेले डोळे-दात ती अंदाजाने भरतात. आजीच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा डाग समजून पुसलं जाऊ शकतं. त्यामुळे प्रिंट काढण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला एकदा दाखवावं, आणि मूळ स्कॅनची फाईल हात न लावता वेगळी ठेवावी.